तिया एर्लिंदाची उघडी गाडी

देल्फिनो माएस्तासच्या अंगणात सहा गाड्या होत्या आणि त्यातली एकही स्वतःच्या चाकांवर रस्त्यापर्यंत जाऊ शकत नव्हती. एकीला इंजिन नव्हतं, एकीला दारं नव्हती, आणि एक मूळची कुठल्या रंगाची हे खुद्द देल्फिनोलाही आता सांगता आलं नसतं. निळ्या कटलसच्या डिकीत कोंबड्या अंडी घालत. त्या गाडीबद्दल कोणी विचारलं की देल्फिनो हातातला कॉफीचा पेला खाली ठेवायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वसंतात काढतोय तिला बाहेर." हे तो कधीपासून म्हणत होता ते कोंबड्यांच्या पिढ्या मोजूनच काढावं लागलं असतं.

यावरून कोणी त्याला आळशी म्हणेल, तर तसं अजिबात नाही. एकतीस वर्षं त्याने काउंटीच्या गॅरेजात बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांचे चेपलेले पत्रे सरळ केले. चेपलेल्या दारावरून नुसता तळवा फिरवून तो सांगायचा, की ठोकर डावीकडून बसलीय आणि ठोकणारा नंतर खोटं बोललाय. हात सोन्याचा होता. खोट एवढीच, की त्याला सुरुवात आवडायची. जुना पत्रा कापून काढेपर्यंत तो जेवण विसरायचा, आणि शेवटची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायची वेळ आली की त्याला दुसऱ्या गाडीची आठवण यायची. त्यात बोलायची हौस. ऐकणारा मिळाला की हातातली हातोडी हातातच राहायची. त्याची बायको व्हायोला शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, तिला वेळेवर पोचायची सवय. ती म्हणायची, "लग्न लागताना मधे कोणी गप्पा मारायला भेटलं असतं, तर मी अजून अर्धीच लग्नाची असते."

तर असा हा सहासष्ट वर्षांचा देल्फिनो. एस्पान्योलाच्या खोऱ्यात तो फक्त एका माणसाला घाबरायचा, आणि ते माणूस त्याच्या खांद्यालाही लागत नव्हतं.

तिया एर्लिंदा, म्हणजे त्याची मावशी. त्याच्याहून नऊच वर्षांनी मोठी, पण त्या नऊ वर्षांचा तिने पुरेपूर वापर केला. देल्फिनो अकरा वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि वीस वर्षांच्या एर्लिंदाने नवऱ्याला काही न विचारता त्याला घरी आणलं. नवऱ्याने, म्हणजे अब्रानने, काही न विचारता त्याचा पलंग मांडला. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. दफन झालं त्या दिवशी देल्फिनो त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवा पडून आला. खाली बघितलं की रडू यायचं, म्हणून तो सगळा रस्ता वर टपाकडे बघत राहिला. फिकट हिरव्या अस्तराच्या आडव्या शिवणी त्याने मोजल्या होत्या. पाच होत्या.

ती गाडी म्हणजे त्रेसष्ट सालची इम्पाला. समुद्री हिरव्या रंगाची, दोन दारांची, बंद टपाची. आणि बंद टपाची होती, हेच तर सगळं दुखणं.

लग्न ठरलं तेव्हा एर्लिंदाने अब्रानकडे एकच गोष्ट मागितली होती. घर नको, दागिना नको, गाडी घेशील ती उघडी घे. दर जुलैत निघणाऱ्या सांता आना या संतिणीच्या मिरवणुकीत केस मोकळे सोडून तिला उघड्या गाडीतून जायचं होतं. अब्रान टेकडीवरच्या प्रयोगशाळेत बॉयलर सांभाळायचा. कमी बोलणारा माणूस. तो सांता फेला गेला आणि संध्याकाळी ही गाडी घेऊन आला. टप बंद.

"हे काय?" एर्लिंदाने विचारलं.

"ऊन फार असतं, एर्लिंदा," अब्रान म्हणाला.

तेवढंच. पुढची पंचेचाळीस वर्षं, म्हणजे तो जाईपर्यंत, हा विषय जेव्हा जेव्हा निघाला, आणि तो आठवड्याला एकदा तरी निघायचाच, तेव्हा त्याचं उत्तर हेच. ऊन फार असतं, एर्लिंदा. ती म्हणायची, चिक्कू आहे. कधी म्हणायची, दुसऱ्यांनी माझ्याकडे बघू नये म्हणून टप घातलाय मेल्याने. अब्रान मान खाली घालून बीन्स खात राहायचा. तो गेला त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती, पण तिने भांडण सोडलं नव्हतं. उलट समोरून उत्तर येत नसल्यामुळे ते जास्तच रंगायचं.

दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, तिया देल्फिनोच्या स्वयंपाकघरात बसली होती. व्हायोलाने हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला होता. तियाने तोर्तियाचा तुकडा बुडवला आणि मान वर न करता म्हणाली, "देल्फिनो, त्या गाडीचा टप काप."

देल्फिनोचा घास हातात राहिला. "कोणत्या गाडीचा?"

"माझ्याकडे काय ताफा आहे? अब्रानच्या गाडीचा. मला ती उघडी करून हवी. सव्वीस जुलैला, सांता आनाच्या दिवशी, मिरवणुकीत बसायचंय. आणि मिरवणूक कबरस्तानावरून जाते तिथे अब्रानसमोर गाडी थांबवायची. मला त्याच्याशी बोलायचंय."

"काय बोलणार?" व्हायोलाने विचारलं.

"छप्पन्न वर्षांचं साठलंय, पोरी. इथे सांगत बसले तर रस्सा थंड होईल." मग तिने देल्फिनोकडे बघितलं. "आणि पुढचा वसंत वगैरे मला सांगायचं नाही. मी पंचाहत्तरची आहे. माझे वसंत मी स्वतः मोजते."

देल्फिनो हो म्हणाला. सुरुवातीला तो नेहमीच हो म्हणायचा.

पूर्वी असलं काम म्हणजे वेडेपणा होता. उघडी गाडी कुठेतरी भंगारात शोधायची, तिचे सडके भाग काढायचे आणि आपल्या गाडीला लावायचे. आता त्रेसष्टच्या इम्पालाचा जवळजवळ प्रत्येक पत्रा नव्याने दाबून विकणारे लोक आहेत. उघड्या गाडीला दारांखाली जे दुहेरी, जाड उंबरे लागतात ते मिळतात. मागच्या सीट आणि डिकी यांच्यामधला पत्रा उघड्या गाडीत वेगळा असतो, तोही मिळतो. समोरच्या काचेवरची चौकट मिळते, फरशीखालचे आडवे पट्टेही मिळतात. मार्चपासून लांबलचक खोकी यायला लागली. देल्फिनो प्रत्येक खोकं असं उघडायचा जसं आत बाळ झोपलंय, आणि मग तो पत्रा शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायला निघायचा.

आणि प्रत्येकाला तो एकच व्याख्यान द्यायचा. की टप म्हणजे काही नुसती सावली नव्हे. गाडीचं पुढचं अंग आणि मागचं अंग टपाने धरून ठेवलेलं असतं. तो काढला की मधे धरायला कोणी उरत नाही, आणि जुनी, खालून गंजलेली गाडी कंबरेत वाकते. म्हणून आधी नवे उंबरे बसवायचे. दारांच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे-तिरपे वेल्ड करायचे. तिला असं जखडायचं की शिंकता येऊ नये. आणि मगच करवत लावायची. हे व्याख्यान त्याने इतक्यांदा दिलं की त्याचा जुना दोस्त कासिमिरो, जो टायरचं दुकान चालवायचा आणि वजनाने दोन माणसांएवढा होता, तो ते झोपेतही म्हणू शकला असता.

हे सगळं मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं असं कोणाला वाटायला नको.

जूनचा पहिला रविवार. तियाचा हट्ट होता की फादरने आशीर्वाद दिल्याशिवाय अब्रानच्या गाडीला करवत लागता कामा नये. आमच्या खोऱ्यात गाडीला आशीर्वाद घेणं नवं नाही, पण कापायच्या आधी कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. प्रार्थनेनंतर फादर यायचे होते. नवे उंबरे अजून खोक्यातच होते, पण निदान पाइप तरी शनिवारी बसवायचे ठरले होते. शनिवारी कासिमिरो बिअर घेऊन आला, दोघांनी अंगणात घोड्याचे नाल खुंटीवर फेकायचा डाव मांडला, आणि देल्फिनो म्हणाला, पाइप काय, सकाळी तासाभराचं काम. सकाळी व्हायोलाने त्याला मक्याच्या रश्श्याचं, म्हणजे पोसोलेचं, भलं मोठं पातेलं चुलीवर चढवायला लावलं. मग पाहुणे आले. चुलत, मावस, त्यांच्या सुना, कोणाची कुत्री. फादर अर्धा तास लवकरच आले, कारण त्यांना पुढे एक बाप्तिस्मा होता.

त्यांनी पाणी शिंपडलं. टपावर, चाकांवर, थोडं देल्फिनोवर. तिया म्हणाली, "आमेन. काप."

"तिया, आधी मला पाइप..."

"पाणी सुकायच्या आत काप. फादरना जायचंय."

देल्फिनोने आजूबाजूला बघितलं. तीस-चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. कोणाच्या हातात फोन, कोणाच्या हातात वाडगा. आयुष्यात एवढे ऐकणारे त्याला एका वेळी कधी मिळाले नव्हते. कासिमिरो हळूच म्हणाला, "पाइप, देल्फिनो." देल्फिनो म्हणाला, "कापतो फक्त. कापून तसाच ठेवतो. उद्या पाइप." आणि त्याने चष्मा चढवला.

काप मात्र देखणा झाला, हे मान्य करायला हवं. पुढचे दोन खांब, मागचे दोन रुंद खांब, कुठे थरथर नाही. चार जणांनी टप उचलला. आता तो ठेवायचा कुठे? मार्चच्या वाऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर उडालं होतं आणि ते अर्थातच पुढच्या वसंतात बसवायचं होतं. टप खुराड्याच्या चार खांबांवर टेकवला तो नेमका बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोंबड्याही आत गेल्या.

आणि मग तिया म्हणाली, "मी बसणार."

बसली. पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. फोटोसाठी तिने फादरना शेजारी बोलावलं. मागे व्हायोला बसली, आणि व्हायोलाच्या शेजारी कासिमिरो. देल्फिनो "थांबा" म्हणत होता, पण तो फार वेळ बोलणारा माणूस असल्यामुळे त्याच्या थांबा म्हणण्याकडे लक्ष देण्याची कोणाला सवय नव्हती. दारं लावली. फोटो निघाला. त्या फोटोत चौघंही हसताहेत आणि गाडी अजून सरळ आहे.

मग खालून आवाज आला. मोठा नाही. वाळलेली काठी गुडघ्यावर मोडावी तेवढाच. गाडी मधे दोन बोटं खाली बसली आणि उंबऱ्यातून तांबडा गंज भुरुभुरु गळला.

"दार उघड," तिया म्हणाली.

"उघडतो, तिया. जरा अडकलंय."

"जरा म्हणजे किती?"

देल्फिनोने गाडीला पाय लावून ओढलं. मूठ त्याच्या हातात आली. दुसऱ्या बाजूचं दारही तसंच, चौकटीत चावून बसलेलं. व्हायोला बाजूवरून उतरली. फादरनी झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि टांग टाकली. कासिमिरोला तिघांनी ओढून काढलं, तेव्हा गाडी बोटभर वर आली, पण दारं हलली नाहीत.

"तिया, तुम्हाला दोघं मिळून अलगद उचलतो," कासिमिरो म्हणाला.

"मी या गाडीत नवरी म्हणून दारातून चढले आणि दारातूनच उतरले. म्हातारपणी कुंपणावरून उड्या मारायला मी शेळी नाही. दार उघडेल तेव्हा उतरेन."

तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

तिला पोसोले गाडीत दिलं. गोड बिस्किटं, बिस्कोचितो, तीही गाडीत दिली. पाहुणे येऊन गाडीशी उभं राहून तिच्याशी गप्पा मारून गेले. फादर बाप्तिस्म्याला गेले आणि परत आले, तरी ती तिथेच. ऊन मी म्हणत होतं. तिच्या कपाळावर लाली चढली, तेव्हा व्हायोलाने आतून काळी छत्री आणली आणि तिच्या डोक्यावर धरली.

"ऊन नाही लागत मला," तिया म्हणाली. "वाऱ्यासाठी धर."

वारा कुठेच नव्हता. व्हायोलाने वाऱ्यासाठी छत्री धरली.

देल्फिनो गाडीखाली होता. त्याने चार जॅक लावले होते, आणि एकेकाला पाव फेरा देत गाडीची कंबर वर उचलत होता. घाईने उचलली तर उरलेलंही फाटलं असतं. त्याच्या तोंडावर गंज पडत होता आणि आज पहिल्यांदा त्याला कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. फरशीला एक भोक पडलं होतं. त्यातून तियाच्या काळ्या बुटाचा तळ दिसत होता. पाहुणे जेवायला पांगले तेव्हा त्या भोकातून आवाज आला, हळू, तियाचा वाटणार नाही इतका हळू.

"देल्फिनो, मोडली का रे गाडी?"

"नाही, तिया."

"खरं सांग."

त्याने जॅकला आणखी पाव फेरा दिला. "मोडली. पण जोडतो."

"अब्रानचं एवढंच उरलंय माझ्याकडे," ती म्हणाली. "कपडे मी वाटून टाकले. मूर्खपणा केला. एकही ठेवला नाही."

 ती रडत होती का ते खालून दिसत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की त्याने गंजाने भरलेला हात तोंडावर दाबला. चाळीस माणसांच्या टाळ्यांसाठी त्याने ज्या टपाखाली अकराव्या वर्षी रडू आवरलं होतं तो टप काढला, आणि गाडी म्हातारीच्या खाली मोडली.

साडेपाचला डावं दार उघडलं. तिया दारातून उतरली, पर्स काखेत मारली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सव्वीस जुलै." मग ती घरी गेली.

त्यानंतरचे सात आठवडे एस्पान्योलातल्या लोकांना देल्फिनो भेटला नाही. म्हणजे तो अंगणातच होता, पण बोलत नव्हता. कोणी कुंपणाशी येऊन हाक मारली तर तो हातोडी न थांबवता मान हलवायचा. कासिमिरोला आधी वाटलं की आजारी पडलाय. व्हायोलाने सांगितलं, "आजारी नाही. काम संपवतोय. मीही पहिल्यांदाच बघतेय."

सडके उंबरे कापले आणि नवे जाड उंबरे बसवले. पाइप आता लावले, उशिरा का होईना, आणि असे लावले की गाडी पिंजऱ्यासारखी दिसायला लागली. फरशीला पट्टे, मागे नवा पत्रा, काचेवर नवी चौकट. एक वेल्डिंगचा टाका इकडे, एक तिकडे, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. दाराच्या फटीत तो दोन नाणी एकावर एक धरून फिरवायचा. वरून खालपर्यंत ती सारखीच सरकली पाहिजेत. खालच्या कोपऱ्यात अडली की सगळं पुन्हा सैल करायचा. असं त्याने डाव्या दाराला अकरा वेळा केलं.

तिया रोज संध्याकाळी चारला तपासायला यायची. अंगणात झाड नव्हतं, म्हणून ती खुर्ची खुराड्यापाशी न्यायची, जुन्या टपाच्या सावलीत मांडायची आणि कोंबड्यांच्या शेजारी बसून हुकूम सोडायची.

"सांधा दिसतोय."

"अजून घासायचाय, तिया."

"अब्रानला सांधा दिसला असता."

"अब्रानकाकांना सांधा दिसला असता, पण ते बोलले नसते."

यावर ती हसली. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा.

जुलैच्या मध्यावर रंग झाला. तोच समुद्री हिरवा. कासिमिरोच्या दुकानात येणारा एक जण गाडी बघायला आला. त्याच्याकडे जन्मतः उघडी असलेली इम्पाला होती आणि ते तो विसरू देत नसे. त्याने बॉनेट उघडून आतली पट्टी वाचली. गाडी कारखान्यातून कुठल्या घाटाची निघाली त्याचा आकडा तिच्यावर असतो.

"बंद टपाचा आकडा आहे," तो म्हणाला. "एवढी मेहनत केलीस आणि पट्टी तशीच? नवी पट्टी ठोकून देणारा मला माहीत आहे. कोणाला कळणार नाही."

"कोणाला कळायचं राहिलंय?" देल्फिनो म्हणाला. "या गाडीला टप होता हे माझी मावशी छप्पन्न वर्षं खोऱ्यातल्या माणसामाणसाला सांगतेय. पट्टी बदलली तर तिचं भांडणच खोटं पडेल."

राहिला होता फक्त घडीचा कापडी टप. त्याचा सांगाडा अल्बुकर्कीहून यायचा होता आणि कापड शिवायचं होतं. देल्फिनोने ते तियाला घाबरत घाबरत सांगितलं. वीस तारीख होती. ती म्हणाली, "कापड कशाला? मला उघडी हवीय ना? टप काढायला सांगितला आणि पुन्हा टपच शिवून देतोस?" देल्फिनोने मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. एक गोष्ट पुढच्या वसंतासाठी उरली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला त्यामुळे जरा बरंही वाटलं.

सव्वीस जुलै. सकाळी दहालाच डांबर मऊ झालं होतं. पुढे सांता आनाची मूर्ती, चौघांच्या खांद्यावर. मग घोडे, मग व्हायोलिन आणि गिटारवाले, आणि मग गाड्या. जमिनीला टेकतील इतक्या बुटक्या केलेल्या, कळ दाबली की पुढून किंवा मागून उचलल्या जाणाऱ्या, चकचकीत. त्यांच्यात अब्रानची इम्पाला. कासिमिरो चालवत होता. देल्फिनो त्याच्या शेजारी. तिया मागे, सीटच्या वर, जिथे नवा पत्रा होता तिथे उशीवर बसलेली. केस पांढरे, पण मोकळे. अंगात पिवळा झगा.

लोक ओरडत होते, "एर्लिंदा! राणी!" ती हात हलवत होती. देल्फिनो काहीच बघत नव्हता. तो दाराच्या फटीकडे बघत होता. रस्त्यावर खड्डा आला की तो दाराची कड पकडायचा. फट हलत नव्हती. दुसरा खड्डा. तरी नाही. तिसऱ्यानंतर त्याने बघणं सोडलं.

मागे वळून त्याने तियाकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता. पायाशी व्हायोलाने ठेवलेली काळी छत्री होती.

"तिया, छत्री देऊ?"

"आज नको. तो बघेल."

कबरस्तान रस्त्याच्या उजव्या हाताला आहे, लोखंडी कुंपणाच्या आत. अब्रानचा दगड कुंपणापासून तिसऱ्या रांगेत. कासिमिरोने गाडी तिथे आणली आणि इंजिन बंद केलं. मागच्या गाड्या थांबल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. या क्षणाची वाट खोऱ्यात किती जण बघत होते ते सांगत नाही, पण कुंपणाशी जरा जास्तच गर्दी होती. काहींनी तर तियाच्या भाषणातले मुद्देही आधीच वाटून घेतले होते. चिक्कूपणा येईल. मत्सर येईल. बंद टपाची गाडी गळ्यात मारणारा सांता फेचा विक्रेता येईल.

तिया सीटवर उभी राहिली. देल्फिनोने तिचा हात धरला. तिने पर्समधून रुमाल काढला, कपाळ पुसलं, मानेवरून फिरवला. दगडाकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. 

 वाद्यं थांबली होती.

"अब्रान," ती म्हणाली. तिने रुमाल पर्समध्ये परत ठेवला. "अब्रान, ऊन फार आहे रे."

आणि ती खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. कुंपणाशी कोणी हसलं नाही.

"देल्फिनो," ती थोड्या वेळाने म्हणाली, "दे ती छत्री."

देल्फिनो सीटवरून टांग टाकून मागे गेला, तिच्या शेजारी बसला आणि छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली. कासिमिरोने गाडी सुरू केली. उरलेला सगळा रस्ता देल्फिनो हात अवघडला तरी काही बोलला नाही, आणि छत्री हलू दिली नाही.